पत्ता सांगावा की न सांगावा?

सत्य बोलावे हा नियम मुलांस शिकविणे सोपे आहे. तो कोठपर्यंत पाळावा हे शिकविणे कठीण. महाभारताच्या कर्णपर्वात श्रीकृष्णाने अर्जुनास कौशिक ब्राह्मणाची कथा सांगितली आहे. दरोडेखोरांच्या भयाने काही माणसे रानात दडली. मागाहून आलेल्या दरोडेखोरांनी कौशिकास वाट विचारली, आणि सत्यव्रताचा अभिमान धरणाऱ्या त्या गृहस्थाने ती बिनचूक दाखविली. माणसे मारली गेली व कौशिक नरकास गेला. उलट, 1797 साली जर्मन तत्त्ववेत्ता कांट याने, मारेकरी दाराशी येऊन विचारीत असला तरी त्याच्याशीही खोटे बोलण्याचा हक्क कोणास नाही, असे निक्षून लिहिले. हा वाद पंडितांच्या चर्चेपुरताच आहे असे पुष्कळांस वाटते. आम्हांस मात्र तो दूरच्या बेटांवर जाऊन पशुपक्ष्यांचे जीवन अभ्यासणाऱ्या विद्यार्थ्यांच्या कामात पदोपदी आढळतो. दुर्मिळ पाखरू कोठे राहते ते पाहणे हेच त्या विद्यार्थ्याचे काम. आणि जे पाहिले ते सांगणे हा त्याचा धर्म.

आमचे नशिराबाद खानदेशात, समुद्रापासून फार दूर. तरी खोट्या पत्त्याने काय अनर्थ होतो हे खानदेशाने जितके अनुभवले तितके क्वचितच एखाद्या बेटाने अनुभवले असेल. गेल्या शतकापूर्वी, 1880 नंतरच्या काही वर्षांत, डेव्हिडसन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने खानदेशात वनपिंगळ्याचे काही नमुने मिळविले. त्यांतील एक नमुना रिचर्ड माइनर्ट्झहागन या नामांकित पक्षिशास्त्रज्ञाने लंडनच्या संग्रहालयातून उचलला आणि 1914 साली गुजरातेतील मांडवी येथे आपणच तो मारला, अशी चिठ्ठी त्यास लावली. पुढे सालिम अलींसारखे जाणते शोधक त्या चिठ्ठीच्या भरवशाने भलतीकडे फिरले. अखेर त्या चिठ्ठीवरचा विश्वास सोडून पामेला रासमुसेन व तिचे सोबती जुन्या खऱ्या जागा धुंडाळीत आले, तेव्हा 1997 च्या नोव्हेंबरात शहाद्याजवळ तो पिंगळा जिवंत दिसला. मध्यंतरी तो नामशेष झाला असेच जग धरून चालले होते. जो नाहीसाच झाला त्याच्या रानाची राखण कोण करणार?

एवढ्यावरून कांटची बाजू जिंकली असे कोणी म्हणेल. पण इंडोनेशियातील रोटी नावाच्या लहानशा बेटाकडे पाहावे. तेथील लांब मानेचे कासव 1994 साली स्वतंत्र जात म्हणून शास्त्रीय नियतकालिकात वर्णिले गेले. त्यात खोटे अक्षर नव्हते. परंतु नवी जात, तीही एकाच बेटावरची, हे कळताच शौकिनांच्या बाजारात तिला भाव चढला आणि थोड्याच वर्षांत मूळ ठिकाणी ती जवळजवळ दिसेनाशी झाली. विद्येने नाव दिले, आणि त्या नावाची बाजारात किंमत झाली. कौशिकाचीच ही गोष्ट; फरक इतकाच की येथे वाट कोणी विचारलीही नव्हती.

मग विद्यार्थ्याने मौन धरावे काय? येथे आम्हांस आपल्याच किनाऱ्यावरचे उदाहरण अधिक उपयोगाचे वाटते. वेंगुर्ल्यासमोर समुद्रात खडकाळ बेटांचा एक पुंजका आहे. तेथील गुहांत पाकोळ्या आपल्या लाळेने घरटी बांधतात, आणि चिनी लोकांच्या सूपासाठी त्या घरट्यांस मोठी किंमत येते. हुमायून अब्दुलाली यांनी तेथील पाकोळ्यांवर 1942 साली मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लिहिले. आता विचार करावा, हे लेखन दडवून ठेवले असते तर ते कोणापासून दडले असते? घरटी काढणाऱ्यास गुहा ठाऊकच होती. दोर लावून चढणारा माणूस इंग्रजी नियतकालिक वाचून होडीत बसत नाही. अजाण होते ते अंमलदार आणि आम्ही-तुम्ही. कौशिकाच्या कथेत दरोडेखोरास वाट ठाऊक नव्हती म्हणून मौन श्रेष्ठ ठरले. जेथे त्यास ती आधीच ठाऊक आहे तेथे मौनाने फक्त राखणदार आंधळा राहतो. तेव्हा प्रश्न केवळ सांगण्या-न सांगण्याचा नाही. कोणास कळलेले आहे व कोणास नाही, हे आधी तपासावे लागते. रोटीच्या ग्राहकास पत्ता नवा होता, वेंगुर्ल्याच्या चोरास जुना.

हा भेद रवी शंकरन यांनी उत्तम ओळखला होता. अंदमान-निकोबारच्या गुहा तपासताना पाकोळ्या झपाट्याने घटत आहेत हे त्यांना दिसले. त्यांनी ते जाहीर केले. आणि जे घरटी काढीत त्यांच्यातलेच लोक गुहांवर पहारेकरी नेमले. पिल्ले उडून गेल्यावर रिकामे घरटे काढावे, म्हणजे माणसाचेही चालेल व पाखराचेही, असा त्यांचा हिशेब होता. 2009 साली ते अकाली वारले. चोरास राखणदार करणे ही युक्ती कांटला सुचली नसती. आमच्या खेड्यांत मात्र जागल्या नेमताना ती जुनीच आहे.

म्हणून आमच्या महाविद्यालयांतून प्राणिशास्त्राचा विद्यार्थी बेटावर निघेल तेव्हा त्याच्याकडून एवढी अपेक्षा करणे आम्हांस गैर वाटत नाही. जागेची नोंद अचूक करावी आणि वनखात्यास व विद्यापीठास द्यावी. छापताना बाजारास जे नवे असेल तेवढे, उघड सांगून, गाळावे. गाळणे आणि खोटे लिहिणे यांत अंतर आहे: पहिल्यात वाचकास रिकामी जागा दिसते, दुसऱ्यात त्याची फसवणूक होते. माइनर्ट्झहागनने जागा नुसती कोरी सोडली असती तर शोधकांची वर्षे वाचली असती. आणि ज्या कोळ्याने होडी दिली, ज्याने गुहेचे तोंड दाखविले, त्यास निष्कर्ष त्याच्या भाषेत आधी सांगावा. प्रबंध परीक्षकास मागाहून गेला तरी चालेल.

एक अडचण मात्र या साऱ्या विचारात बसत नाही. मोठ्या निकोबारातील गालाथिया उपसागराच्या वाळूवर लेदरबॅक नावाची प्रचंड कासवे अंडी घालतात. हे कोणापासून लपविलेले नव्हते; संशोधकांनी अनेक वर्षे तेथील घरटी मोजून सरकारास कळविली होती. तरीही 2021 च्या जानेवारीत, बंदराच्या योजनेसाठी, तेथील अभयारण्याचा दर्जा काढण्यास वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने मान्यता दिली. येथे वाट विचारणारा दरोडेखोर नाही आणि आंधळा राखणदारही नाही. सारे कळलेलेच आहे. अशा ठिकाणी मोजणी करणारा विद्यार्थी पुढच्या हंगामात पुन्हा वाळूवर जातो, तेव्हा तो ती आकडेवारी कोणासाठी लिहितो, हे त्यालाच विचारले पाहिजे.