फोकस कुठे आहे ते पाहू या

दस्तुरी नाक्याला गाडी ठेवली की माथेरानमध्ये खरी चाल सुरू होते. मोटारींना पुढे बंदी आहे. अमन लॉजहून 1907 सालापासूनच्या छोट्या रेल्वेने जाता येतं, घोडा करता येतो, पण बरेच जण तांबड्या मातीतून पायीच निघतात. चालताना नजर पार पॅनोरमा पॉइंटपर्यंत गेली, तरी आपण असतो एकाच जागी, पाऊल टेकलंय तिथे. थोडा वेळ एवढ्यावरच मन ठेवू या. घाई नको.

आता कॉम्प्युटर समोर घ्या. माऊस बाजूला सारा, टचपॅडवरून हात उचला. रोजच्या वापरातलं एखादं पान उघडा आणि टॅब एकदाच दाबा. थांबा. कुठल्या तरी लिंकभोवती बारीक चौकट उमटली असेल. तो फोकस. पडद्यावर शंभर गोष्टी असोत, या क्षणी तुम्ही एंटर दाबलंत तर ते ऐकणारी ही एकच. पुन्हा टॅब. चौकट पुढे सरकली. शिफ्ट धरून टॅब. ती मागे आली. श्वासाच्या लयीत, सावकाश, असंच करत राहा.

चौकट दिसलीच नाही? पुष्कळ पानांवर दिसत नाही. डिझाइनला शोभत नाही म्हणून कुणीतरी सीएसएसमध्ये ‘आउटलाइन: नन’ लिहून ती पुसलेली असते. फोकस सरकतोय, पण कुठे ते कळत नाही. अर्धा मिनिट या अवस्थेत राहून पाहा. पावसाळ्यात माथेरानवर धुकं उतरलं की वाट जागेवरच असते, पुढचं पाऊल मात्र अंदाजाने टाकावं लागतं. हात थरथरतो म्हणून ज्यांना माऊस धरता येत नाही, त्यांना बँकेचं कामसुद्धा असं अंदाजाने करावं लागतं. फोकस दिसलाच पाहिजे, हे वेब कंटेंट ॲक्सेसिबिलिटी गाइडलाइन्स 2008 पासून सांगत आल्या आहेत. माऊसवाल्याला चौकट खटकते म्हणावं, तर सीएसएसमध्येच ‘फोकस-व्हिजिबल’ आहे. त्यामुळे बटणावर माऊसने क्लिक करणाऱ्याला ती सहसा दिसत नाही, टॅबने येणाऱ्याला दिसते. पुसायला सबब उरलेली नाही.

क्रमाकडेही लक्ष द्या. नावानंतर पत्ता, पत्त्यानंतर फोन, अशी डोळ्यांची वाट असेल तर टॅबची वाटही तीच हवी.

आता एखादी छोटी खिडकी उघडा, तारीख निवडायची किंवा ओटीपीची. फोकस तिच्यात गेला का? की तो मागच्या झाकल्या पानावरच फिरतोय? एस्केप दाबा. खिडकी मिटली, आणि फोकस? ज्या बटणावरून तुम्ही आत गेलात तिथेच तो परतायला हवा. माथेरानचा शार्लट लेक पाहून माघारी येणाऱ्याला निघाला तोच फाटा सापडावा, तसा. एचटीएमएलचा ‘डायलॉग’ ‘शोमोडल’ने उघडला तर हे बरंचसं ब्राउझरच सांभाळतो.

एक जागा मात्र प्रोग्रामरलाच सांभाळावी लागते, आणि तिथे मला जास्त वेळ थांबावंसं वाटतं. यादीतल्या एका ओळीचं ‘काढून टाका’ बटण तुम्ही दाबता. ओळ जाते, तिच्याबरोबर ते बटणही जातं, आणि फोकसला जागाच उरत नाही. पडदा न पाहता स्क्रीन रीडर ऐकत काम करणाऱ्याच्या कानावर फोकस जाईल त्याचं नाव येत असतं. तो आवाज इथे तुटतो. ओळ खरंच गेली का, आपण कुठे आहोत, काहीच समजत नाही. फोकस पुढच्या ओळीवर न्यावा, ती नसेल तर मागच्या, आणि यादीच रिकामी झाली तर तिच्या मथळ्यावर. चार ओळींचा कोड लागतो.

याच्या उलट प्रसंगही आठवून पाहा. तुम्ही पासवर्ड लिहिताय, मधेच दुसरी खिडकी उसळून पुढे येते आणि उरलेली अक्षरं तिच्यात पडतात. त्या वेळी जी चीड येते ती योग्य आहे. फोकस वापरणाऱ्याचा असतो. त्याने काही केल्याशिवाय तो हलवण्याचा अधिकार प्रोग्रामला नाही.

30 एप्रिल 2025 रोजी ई-केवायसीच्या, म्हणजे ऑनलाइन ओळख पडताळणीच्या, प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणं हा घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. त्या हक्काची सुरुवात मला या बारीक चौकटीपासून दिसते.

तुमच्या हाताखाली एखादा फॉर्म असेल, हॉटेलच्या बुकिंगचा, पतसंस्थेचा, शाळेच्या प्रवेशाचा, तर आज माऊस काढून ठेवा आणि पहिल्या रकान्यापासून ‘जमा करा’पर्यंत एकदा कीबोर्डने जा. जिथे अडाल, तिथलं आजच दुरुस्त करा.