वाटणीला आलेला नाताळ

घटस्फोटात दागिने, भांडीकुंडी, बँकेतल्या ठेवी यांची वाटणी होते हे सगळ्यांना ठाऊक असतं. सणांचीही होते, हे मला कन्सेन्ट टर्म्सचा कच्चा मसुदा हातात पडल्यावर कळलं. मे महिन्याची सुट्टी निम्मी-निम्मी, गणपती आलटून पालटून, दिवाळीची सुट्टी वडिलांकडे, नाताळची आईकडे. ज्या घराण्यात सात पिढ्यांत कुणी चर्चची पायरी चढलं नव्हतं, त्यातल्या बाईच्या नावावर नाताळ चढला. मी कुरकुरले तेव्हा वकीलबाई फाईल बांधता बांधता म्हणाल्या, "अहो, आठ दिवस मुलगी मिळतेय ना? मग सण कुणाचा ते कशाला बघता?"

सुरुवातीला मला तो उरलासुरला सण वाटायचा, पंगत उठल्यावर आलेल्या पाहुण्याला वाढतात तसा. पण लेक लहान होती आणि तिला काहीतरी साजरं करून हवं होतं. खांदा कॉलनीतल्या आमच्या घरी दिवाळीचा चांदणीच्या आकाराचा आकाशकंदील गॅलरीत तसाच लटकत होता. त्रिपुरी पौर्णिमा उलटून गेली तरी उतरवायचा राहिलेला. आळस असा उपयोगी पडला. खालून जाणाऱ्यांनी तो ख्रिसमस स्टार समजून कौतुक केलं. प्लॅस्टिकच्या झाडावर औषधाच्या दुकानातून आणलेला कापूस बर्फ म्हणून पसरला आणि पंखा लावताच तो घरभर झाला. सांताक्लॉज धुराड्यातून येतो म्हणावं तर आमच्याकडे धुराड्याच्या नावाखाली फक्त बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन. शेवटी तो जिन्याने येतो असं ठरलं. त्यावर लेकीचा प्रश्न, "वॉचमनकाका त्याची एन्ट्री कुठल्या फ्लॅटच्या नावावर करतील?" त्या संध्याकाळी मी पुष्कळ दिवसांनी पोट धरून हसले, आणि त्या हसण्याचा विचार पुढे बराच काळ डोक्यात राहिला. दिवाळीत मला असं का हसता येत नव्हतं?

दिवाळीत माझी जागा ठरलेली होती आणि ती रिकामी झाली होती, म्हणून. पाडव्याला ओवाळायचं ते नवऱ्याला. सत्यनारायणाला बसायचं ते जोडीने. हळदीकुंकवाचं तर बोलायलाच नको. विधवेला बोलवायचं की नाही यावर आता निदान चर्चा तरी होते, घटस्फोटितेचं काय करायचं हे शेजारणींना कळतच नाही. कुंकू लावावं तरी पंचाईत, न लावावं तरी पंचाईत. "तू ये हं, मात्र जरा उशिरा ये," असं एकीने प्रेमानेच सांगितलं होतं. नाताळाला माझ्याकडून यातलं काहीच नको होतं. त्यात मी कुणाची कोण हे विचारणारा एकही विधी मला करायचा नव्हता. परक्या सणात माणूस पाहुणा असतो, आणि पाहुण्याला मंगळसूत्राबद्दल कुणी विचारत नाही. माझी पहिली उपपत्ती ही अशी, आणि त्या वेळी मी तिच्यावर बेहद्द खूश होते.

तिला दुसरी बाजू दिली ती कळंबोलीच्या लोखंड बाजारात माझ्यासोबत हिशेब लिहिणाऱ्या मैत्रिणीने. ती मूळची वसईची, कॅथलिक, नवऱ्यापासून वेगळी राहणारी. तिला दिवाळी अतिशय आवडते. आमच्याकडे येऊन अनारसे बिघडवते, रांगोळीत पाय देते, खिदळते. नाताळ मात्र तिला नको असतो. मध्यरात्रीच्या मिस्साला बाकांवर कुटुंबंच्या कुटुंबं बसतात, आणि तिच्या शेजारी जेवढी जागा मोकळी राहते तेवढी अख्ख्या चर्चला दिसते, असं ती म्हणते. माझ्या दिवाळीचीच ही कथा, फक्त पत्ता वेगळा. तिची कायद्याची वाटही माझ्याहून अरुंद होती. ख्रिस्ती लोकांसाठीचा घटस्फोटाचा कायदा १८६९ चा. त्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार तेवढा दाखवला की पुरे, बायकोला मात्र नवऱ्याच्या व्यभिचाराला क्रौर्याची किंवा टाकून दिल्याची जोड द्यावी लागे. हा भेद गेला आणि परस्परसंमतीची सोय आली ती २००१ मध्ये. कोर्टाने मोकळं केलं तरी चर्चच्या लेखी लग्न टिकूनच असतं; ते मुळात झालंच नव्हतं असा निवाडा धर्मपीठाने दिला तरच सुटका.

एका डिसेंबरात तिने आम्हाला कलकल करायला शिकवलं. मैदा, रवा, नारळाचं दूध, साखर; पीठ मऊसर मळायचं, सुपारीएवढी गोळी घ्यायची, काट्याच्या पाठीवर अंगठ्याने दाबत पसरायची आणि टोकाकडून गुंडाळत आणायची. काट्याचे वळ उठलेला छोटा शिंपला तयार. नीट दाबलं नाही तर तळताना तो उलगडतो आणि कढईत शंकरपाळ्याचा लांबचा भाऊ तरंगायला लागतो. त्यांच्या नेवऱ्या म्हणजे तर सरळ आमच्या करंज्याच. लेकीने दोन्ही चाखून जाहीर केलं की तिला दिवाळी दोनदा मिळते आणि बाबांना एकदाच. कोर्टाच्या कागदाचं इतकं सरळ वाचन दोन्हीकडच्या वकिलांना जमलं नव्हतं.

त्याच दिवशी मैत्रिणीने मला मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय वाचायला दिला. येशूच्या जन्माआधी योसेफाला मरिया गरोदर असल्याचं कळतं, आणि तो सज्जन गृहस्थ गाजावाजा न करता तिला सोडून द्यायचं मनात आणतो. मग स्वप्नात देवदूत येऊन त्याला थांबवतो. म्हणजे ज्या रात्रीची एवढी गाणी गातात, तिच्या आधी एक काडीमोड थोडक्यात टळलेला आहे. देखाव्यात मात्र गाई, मेंढपाळ, तिघे ज्ञानी पुरुष सगळे असतात, तो अवघडलेला मधला काळ नसतो. पुढे मला पनवेलच्या मॉलमधला तो देखावा बघताना योसेफाच्या चेहऱ्याकडेच लक्ष जायला लागलं. पुतळा करणाऱ्याने त्याला कमालीचा निश्चिंत दाखवलाय. मला ते काही खरं वाटत नाही.

मराठीत या सगळ्याची खरी जाणकार लक्ष्मीबाई टिळक. नारायण वामन टिळकांनी फेब्रुवारी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाई पदरात लहान मूल घेऊन मागे राहिल्या. कायद्याने घटस्फोट नव्हे, पण टाकलेली बाई आणि तीही बाटलेल्याची बायको, असं दुहेरी ओझं. काही वर्षांनी त्या टिळकांकडे गेल्या, तरी आधी आपलं सोवळं आणि आपली चूल वेगळी ठेवून. स्वतः बाप्तिस्मा घेतला तो १९०० मध्ये. त्यांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' वाचताना मला नेहमी आश्चर्य वाटतं ते याचं की त्या नवऱ्याला हसतात, सोवळ्याला हसतात, आणि सगळ्यांत जास्त स्वतःला. रडगाणं गाण्याचा हक्क पुरेपूर असताना तो त्यांनी बजावला नाही. टिळक ख्रिस्ताचं चरित्र ओव्यांत लिहायला घेऊन अर्ध्यावर सोडून गेले, ते 'ख्रिस्तायन' पुरं केलं याच बाईने. माझी पाहुणेपणाची उपपत्ती इथे तोकडी पडते. लक्ष्मीबाई पाहुण्या नव्हत्या. स्वतःच्या घरात, स्वतःच्या आपत्तीच्या मधोमध बसून त्या हसत होत्या. ते फार अवघड काम आहे.

आणि मग नाताळशी जोडलेलं आणखी एक ठिकाण, महाड. आमच्या पनवेलजवळच्या पळस्प्याहून मुंबई-गोवा रस्त्याने सरळ दक्षिणेला (त्या रस्त्याचं काम वर्षानुवर्षं चाललं, हे रायगडात सांगावं लागत नाही). २५ डिसेंबर १९२७ च्या रात्री बाबासाहेब आंबेडकरांच्या परिषदेने तिथे मनुस्मृती जाळली. शाळेत हे शिकले होते, तारीखही पाठ होती. पण ती नाताळची तारीख आहे हे डोक्यात कधी शिरलं नव्हतं. नाताळच का? कोर्ट-कचेऱ्या बंद, नोकरदार मोकळे. काँग्रेसचं पहिलं अधिवेशनही १८८५ मध्ये मुंबईत भरलं ते २८ डिसेंबरला. इंग्रजाने आपल्या देवासाठी ठेवलेल्या सुट्टीत इथल्या माणसांनी आपली कामं उरकली. माझ्याही वाटणीला ती सुट्टीच आली होती.

मनुस्मृतीत एक नियम असा आहे की नवऱ्याने विकलं किंवा टाकलं तरी बायको त्याच्यापासून सुटत नाही. बाईने बाप, नवरा, मुलगा यांच्या ताब्यात राहायचं, हे तर सगळ्यांना माहीतच. परिषदेच्या शेवटी बाबासाहेब जमलेल्या बायकांशी वेगळे बोलले, अगदी लुगडं कसं नेसावं इथपर्यंत. महाराष्ट्रात पुष्कळ संघटना २५ डिसेंबर हा दिवस स्त्रीमुक्ती दिन म्हणून पाळतात. कायदा मागून आला: मुंबई प्रांताने हिंदू घटस्फोटाचा कायदा केला तो १९४७ मध्ये; हिंदू कोड बिल रखडलं म्हणून बाबासाहेब १९५१ मध्ये मंत्रिमंडळातून बाहेर पडले; १९५५ चा विवाह कायदा आला आणि १९७६ मध्ये त्यात परस्परसंमतीचं कलम जोडलं गेलं. माझ्या अर्जावर तेच कलम होतं. या वंशावळीत मला आता नाताळपेक्षा जास्त रस आहे, हे कबूल करते.

पण हे सगळं ऐकवल्यावर आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशी म्हणाल्या, "ताई, आमच्यात पंच बसले की एका दुपारीत सुटतं. तुम्हा शिकलेल्यांनाच बाई वर्षं लागतात." बरोबरच आहे त्यांचं. काडीमोड कष्टकरी जातींत चालतच आलेला होता. अडकून पडलेल्या होत्या त्या आमच्यासारख्या, सोवळ्यातल्या. ज्या आगीने त्या नियमाला धक्का दिला ती आमच्यापैकी कुणी लावलेली नव्हती, तिच्यावर हात मात्र आम्हीही शेकून घेतले. २५ डिसेंबरला केक कापताना आता मी लेकीला हेही सांगते. "आई, आधी कापू दे," असं ती म्हणते. तरी मी सांगतेच.

यंदा लेकीनेच मसुदा बदलायला काढला आहे. ती आता आपली तारीख आपणच ठरवण्याच्या वयाची झाली. तिच्या बाबांना डिसेंबरात रजा मिळतेय आणि दोघांना कुठेतरी हिंडायचंय, म्हणून दिवाळी माझी आणि नाताळ त्यांचा, अशी अदलाबदल. दिवाळीची आता मला तेवढी धास्ती राहिलेली नाही; गेल्या संक्रांतीला मी घरी हळदीकुंकू केलं, त्यात वसईची मैत्रीण होती, मावशी होत्या आणि "जरा उशिरा ये" म्हणणारी शेजारीणही वेळेवर आली होती. वकिलांना न विचारता मी थेट लेकीच्या बाबांनाच फोन लावला. अदलाबदल दोन मिनिटांत ठरली. मग ते जरा घुटमळले आणि म्हणाले, नाताळचं काय काय करायचं असतं ते लिहून पाठवशील का? मी कलकलाची कृती पाठवली. कापसाचा बर्फ पसरलात तर पंखा लावू नका, हेही खाली लिहिलं.