तलाव सर्वांचा, धक्का कोणाचा?

पाण्यावर मालकी सांगता येते का, हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांत जितका जुना आहे तितकाच गावच्या झोनिंग म्हणजे जमीनवापर ठरवणाऱ्या समितीपुढे रोजचा आहे. ग्रंथकाराला तत्त्व सांगून थांबता येते. समितीला किनारा फुटांत मोजावा लागतो आणि बोटी मोजाव्या लागतात.

रोमन सम्राट जस्टिनियनच्या ५३३ सालच्या 'इन्स्टिट्यूट्स'मध्ये हवा, वाहते पाणी, समुद्र आणि त्याचा किनारा निसर्गतःच सर्वांचे मानले आहेत. नाट्यगृह किंवा मैदान यांसारख्या नगराच्या मालकीच्या वस्तू त्याच ग्रंथात वेगळ्या वर्गात टाकल्या आहेत. त्या समूहाच्या आहेत, सर्वांच्या नव्हेत. पुढचा सगळा वाद या दोन वर्गांच्या मधल्या फटीत घडतो. १६०९ साली डच कायदेपंडित ग्रोशियसने समुद्र ताब्यात घेता येत नाही म्हणून तो कोणाचा होऊ शकत नाही, असा युक्तिवाद केला. इंग्रज तत्त्वज्ञ लॉकने श्रमातून मालकी सिद्ध केली, पण इतरांसाठी पुरेसे आणि तितकेच चांगले शिल्लक राहिले पाहिजे, ही अटही घातली. तलावाच्या किनाऱ्याची लांबी ठरलेली असल्यामुळे ही अट तिथे फार लवकर मोडते.

धर्मशास्त्राने या प्रश्नाला वेगळ्या बाजूने हात घातला. तळे खोदणाऱ्याने त्याचा विधिपूर्वक उत्सर्ग केला की ते सर्व प्राण्यांसाठी मोकळे होते. दाता नंतर तिथे स्नान करू शकतो, पण मालक म्हणून नव्हे, सर्वांतला एक म्हणून. खर्च करणाऱ्याचा हक्क आणि वापरणाऱ्याचा हक्क इतक्या स्वच्छपणे वेगळे करणे आधुनिक कायद्याला क्वचितच जमले आहे.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याने तसा प्रयत्न केला. १७८७ च्या नॉर्थवेस्ट ऑर्डिनन्समधून आलेले कलम १८४८ च्या राज्यघटनेत उतरले : नौकानयनाला योग्य असे पाणी सर्वांचा हमरस्ता आहे आणि ते कायम मुक्त राहील. मात्र काठच्या जमिनीच्या मालकाला धक्का बांधण्याचा हक्क आहे. पाणी सर्वांचे, काठ एकाचा. यातून मोजमाप निघाले. साध्या धक्क्याला किनाऱ्याच्या पहिल्या पन्नास फुटांमागे दोन बोटी आणि पुढच्या प्रत्येक पन्नास फुटांमागे एक बोट. व्यापारी मरीनाला, म्हणजे भाड्याने बोटी ठेवण्याच्या तळाला, वेगळा परवाना लागतो. तो देण्याचे समर्थन हे की, ज्यांच्याकडे काठची जमीन नाही त्यांनाही तिथून तलावावर जाता येते.

हे समर्थन किती खरे, याची कसोटी याच राज्यातल्या जिनिव्हा लेकवरच्या फॉन्टाना गावी लागली. तिथल्या ४०७ बोटींच्या मरीनाच्या मालकाने प्रत्येक जागा फ्लॅटसारखी विकायचे ठरवले. खरेदीदाराच्या नावावर होणार होती ती इमारतीतली काही इंचांची एक पेटी, आणि तिच्या जोडीने पाण्यातल्या जागेचा हक्क. युक्ती चतुर होती, पण २००२ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली. पेटी विकून काठाचा हक्क जमिनीपासून तोडता येत नाही, असा त्या निकालाचा आशय होता. भाड्याची जागा हंगामानंतर दुसऱ्याला मिळू शकते, विकलेली जागा मिळत नाही, हे निकालामागचे साधे शहाणपण.

बोट क्लबने हा प्रश्न उलटा करून मांडला आहे. सभासद प्रवेशशुल्क आणि मासिक वर्गणी भरतो, क्लबच्या ताफ्यातली बोट आरक्षित करतो आणि संध्याकाळी परत करतो. धक्क्यावर बांधून ठेवलेल्या, क्वचितच हलणाऱ्या खाजगी बोटींपेक्षा ही पद्धत सामायिकतेच्या कल्पनेला जवळची वाटते, आणि ती आहेही. पण झोनिंगचे जुने नियम बोटींच्या जागा मोजतात, माणसे नाही. पार्किंग, स्वच्छतागृहे, रस्त्यावरची वर्दळ यांचे हिशेब एका जागेमागे एक कुटुंब धरून झालेले असतात. क्लबच्या एका बोटीमागे अनेक कुटुंबे येतात. शिवाय क्लब म्हणजे मरीना, भाड्याचा व्यवसाय की खाजगी संस्था, हे ठरेपर्यंत कोणता नियम लावायचा हेच कळत नाही. रोमन वर्गीकरणात हा समूह नगराच्या मैदानाशेजारी बसेल, हवा-पाण्याशेजारी नाही. सभासदांतली वाटणी कितीही न्याय्य असली तरी दाराबाहेरच्या माणसाच्या दृष्टीने तो मालकच.

'सर्वांचे' या शब्दालाही इतिहास आहे. फॉन्टानाच्या जागी पोटावाटोमी लोकांच्या बिग फूट या प्रमुखाचे गाव होते. १८३३ च्या शिकागो तहानंतर त्यांना पश्चिमेकडे जावे लागले. त्यांच्या वाटेवरून तलावाला वेढा घालणारी पायवाट आजही खाजगी बंगल्यांच्या हिरवळीवरून जाते आणि ती कोणालाही चालता येते. ज्यांच्या पायांनी ती पडली त्यांचा हक्क मात्र त्या 'सर्वां'त मोजला गेला नाही.

भारतात सार्वजनिक विश्वस्ततेचे, म्हणजे सर्वांच्या साधनसंपत्तीचे राज्य हे मालक नसून लोकांच्या वतीने विश्वस्त आहे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये स्वीकारले आणि २००९ मध्ये गोव्यातील दोनापावलजवळच्या वायंगिणी किनाऱ्याची वाट लोकांसाठी मोकळी ठेवण्याच्या बाजूने वापरले.

लोकांची वाट मोकळी राहते का, या कसोटीवर बोट क्लबला परवानगी द्यायला हरकत नाही. मात्र बोटींची कमाल संख्या किनाऱ्याच्या लांबीवरून ठरावी, पार्किंग सभासदसंख्येवरून मोजावे आणि सार्वजनिक बोट-उतार क्लबच्या ताब्यात जाऊ नये. यांतली तिसरी अट सोडली, तर पहिल्या दोन अटींनी फक्त गर्दीचे नियमन होते.