आपण बरे, आपले काम बरे

आपल्याकडे काही वाक्ये प्रशस्तिपत्रासारखी वापरली जातात. मुलीसाठी स्थळ सांगणारा म्हणतो, "मुलगा सालस आहे, कुणाच्या अध्यात ना मध्यात, आपण बरा, आपले काम बरे." माणूस निवृत्त झाला की निरोपसमारंभात तेच म्हणतात, आणि माणूस गेला की शोकसभेतही तेच. या वाक्यात एक खरा गुण सांगितलेला आहे, हे मला मान्य आहे. स्वतःचे काम चोख करणारी माणसे आहेत म्हणूनच समाजाचा गाडा चालतो. पण हेच वाक्य सल्ला म्हणून दुसऱ्याला ऐकवले जाते, तेव्हा त्याचा अर्थ बदलतो. डॉक्टरने रोगी तपासावा, गवयाने गावे, मास्तरने फळ्यापुढे उभे राहावे. राज्यकारभार, निवडणुका, मताचा अधिकार यांवर बोलायचे काम दुसऱ्यांचे, असा तो अर्थ होतो. हे दुसरे कोण, असे विचारले तर उत्तर मिळत नाही.

मी पस्तीसएक वर्षे या सीमाभागातल्या एका मराठी हायस्कुलात शिकवले. त्या काळात हा सल्ला मला अनेकांनी दिला. त्यातले बहुतेक माझे हितचिंतक होते, म्हणून त्याचा विचार मी गंभीरपणे करत आलो.

पहिली गोष्ट अशी की राजकारण हा एक धंदा आहे आणि तो त्या धंद्यातल्या माणसांनीच करावा, ही समजूत आपल्या परंपरेला धरून नाही. १८८२ साली शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे महात्मा फुल्यांनी निवेदन दिले. त्यांनी सहीखाली आपली ओळख दिली ती 'व्यापारी आणि शेतकरी' अशी, आणि त्यापुढे पुणे नगरपालिकेचे सदस्यत्व. धंदा लपवून त्यांना सार्वजनिक प्रश्नावर बोलायचे नव्हते. शेतकरी आहे म्हणूनच बोलतो, असा तो भाव होता. १९१९ साली साउथबरो समिती मताधिकार कोणाला द्यावा याची चौकशी करत होती. तिच्यापुढे साक्ष देणारे डॉ. आंबेडकर त्या वेळी मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. १९२८ साली सायमन कमिशनपुढे त्यांनी प्रौढ मताधिकाराची मागणी मांडली, तेव्हाही ते मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजात शिकवत होते. "प्राध्यापकाने तास घ्यावेत, मताधिकाराचे बघणारे बघतील," हा सल्ला त्यांनी मानला असता तर काय झाले असते, याची कल्पना ज्याची त्याने करावी.

मात्र दुसरी बाजूही खरी आहे, आणि ती आपण सोयीने विसरतो. काही व्यवसायांना लोकांच्या विश्वासाचे बळ असते. रोगी डॉक्टरपुढे असहाय असतो. विद्यार्थ्याचे गुण मास्तरच्या हातात असतात. पुजाऱ्यापुढे भक्ताची मान वाकलेली असते. अशा ठिकाणी "अमक्याला मत दे" हे शब्द मत राहत नाहीत, त्यांचा हुकूम होतो. सरकारी नोकरांच्या वर्तणूक नियमांत म्हणूनच निर्बंध आहेत. केंद्राच्या १९६४ च्या नियमांतला पाचवा नियम सांगतो की नोकराने राजकीय पक्षाच्या कामात भाग घेऊ नये. पण तोच नियम पुढे हेही सांगतो की त्याला मतदानाचा हक्क बजावता येईल. आपण मत कोणाला देणार किंवा दिले, हे मात्र त्याने सुचवू नये. हा नियम मला नेहमीच समंजस वाटत आला आहे. पक्ष आणि हक्क या दोन गोष्टी त्यात वेगळ्या ठेवल्या आहेत. नियम पक्षापुरता आहे. आपण मात्र भीतीने तो हक्कापर्यंत ताणतो आणि दोन्ही बाबतींत तोंड शिवून घेतो.

दहावीच्या वर्गात निवडणुकीच्या दिवसांत एखादे पोर हटकून विचारायचे, "सर, तुम्ही कोणाला मत दिलं?" मी म्हणायचो, "ते मी घरीही सांगत नाही." मग विचारायचो, "तुमच्या आईचं नाव यादीत आहे का?" वर्गात शांतता पसरायची. पुढच्या दिवशी चारपाच जण तरी सांगत येत की नाव नाही, किंवा आहे पण वेगळेच छापले आहे. आमच्या भागात नाव मराठीतून कन्नडमध्ये, तिथून इंग्रजीत आणि पुन्हा मागे असा प्रवास करते. त्या प्रवासात माणसाचा बाप बदलतो, बाईचा पुरुष होतो. नागरिकशास्त्राचा धडा मला यापेक्षा चांगला शिकवता आला नसता.

नावाची ही बाब क्षुल्लक वाटेल, पण नाही. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीची यादी करताना, मुख्यतः उत्तरेकडच्या प्रांतांत, लक्षावधी स्त्रियांनी स्वतःचे नाव परक्या माणसाला सांगितले नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढेच सांगितले. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशी नोंद मान्य केली नाही आणि सुमारे २८ लाख स्त्रिया यादीबाहेर राहिल्या. घटनेच्या कलम ३२६ ने दिलेला हक्क केवळ नावापाशी अडला. शेजारच्या कुणी शिकलेल्या माणसाने, वैद्याने, सुईणीने किंवा मास्तरणीने त्यांना चार शब्द सांगितले असते, तर ते 'राजकारण' ठरले असते काय?

शिक्षकाच्या बाबतीत तर या सल्ल्यात एक विनोदही आहे. ज्याला "तू राजकारणापासून दूर राहा" असे सांगतात, त्याच्याच हाती निवडणूक सोपवतात. मी मतदान केंद्रावर अनेक वर्षे काम केले; आधी पत्र्याच्या पेट्या, पुढे यंत्रे. यादीतले नाव मोठ्याने वाचायचे, बोटाला शाई लावायची, रात्री पेटी सीलबंद करून पोचवायची. ती शाई १९६२ पासून आमच्याच राज्यातल्या म्हैसूरच्या कारखान्यात तयार होते. शिवाय घटनेच्या कलम १७१ ने शिक्षकांना विधान परिषदेसाठी शिक्षक म्हणून वेगळे मतही दिले आहे. आमच्या जिल्ह्याचा समावेश वायव्य शिक्षक मतदारसंघात होतो. तीन वर्षे माध्यमिक किंवा त्यावरच्या शाळेत शिकवलेल्याला ते मत मिळते, प्राथमिकच्या गुरुजींना मिळत नाही. असे का, हा प्रश्न गुरुजींनी विचारायचा नाही तर कोणी विचारायचा?

आता एका छोट्या माणसाची गोष्ट सांगतो. आमच्या गल्लीत एक केशकर्तनालय होते. तिथे सगळ्या पक्षांची माणसे यायची, कन्नड बोलणारी आणि मराठी बोलणारी. मालक भांडण होईल असा शब्द कधी काढत नसे. एका वर्षी गल्लीतली बरीच नावे यादीतून गळाली. त्याने मतदार यादीची पाने आणून आरशाशेजारी टांगली आणि खाली नमुना ६ चे कोरे अर्ज ठेवले. दाढीला साबण लावून झाला की विचारायचा, "नाव बघितलं काय?" ज्याला लिहिता येत नसे, त्याचा अर्ज रांगेतला दुसरा कुणीतरी भरून द्यायचा. थोड्याच दिवसांत गाळ्याच्या मालकाचा निरोप आला की दुकानात राजकारण नको, नाहीतर गाळा रिकामा करावा लागेल. मी त्याला म्हटले, "पाने काढून माझ्या घरी ठेव, मी बसतो ती घेऊन." तो म्हणाला, "सर, तुमच्या घरी कोण येणार? माणसं इथं येतात." पाने तशीच राहिली. गाळा गेला नाही, पण पुढच्या करारात भाडे वाढले. ते कशामुळे वाढले, हे कुणी बोलून दाखवले नाही.

या माणसाने पक्षाचा प्रचार केला नाही. आपल्या धंद्याने त्याला दिलेली जागा, म्हणजे लोक येऊन अर्धा तास बसतात ती खुर्ची, त्याने सर्वांच्या हक्कासाठी वापरली. व्यवसाय आणि नागरिकत्व यांचा मेळ कसा घालावा, हे मला पुस्तकांपेक्षा त्याच्याकडून अधिक कळले.

सीमाभागातल्या माणसाला या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. १६ जानेवारी १९६७ ला शेजारच्या गोव्यात जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचे की केंद्रशासित राहायचे, हे लोकांना विचारले गेले. मुख्यमंत्री दयानंद बांदोडकरांनी त्याआधी राजीनामा दिला होता. गायकांनी गावोगाव गाणी म्हटली, 'राष्ट्रमत'मध्ये उदय भेंब्रे विलीनीकरणाविरुद्ध लिहीत होते, आणि तेही मराठीत. विलीनीकरणाच्या बाजूला १,३८,१७० मते पडली आणि विरोधात १,७२,१९१. मी तेव्हा शाळेत होतो. आमच्या घरी त्या निकालाने हळहळ झाली. पण वडील म्हणाले ते लक्षात राहिले: "त्यांना विचारलं तरी." आम्हाला १ नोव्हेंबर १९५६ ला कोणी विचारले नव्हते. निकाल मनाविरुद्ध लागणे आणि प्रश्नच न विचारला जाणे, यांतले अंतर ज्याने भोगले आहे, त्याला मताबद्दल बोलू नकोस असे सांगणे क्रूरपणाचे आहे.

म्हणून १९९६ च्या लोकसभा निवडणुकीत बेळगाव मतदारसंघात ४५६ उमेदवार उभे राहिले, तेव्हा देशाने त्याची गंमत केली. मला ती गंमत वाटली नाही. सीमाप्रश्नाकडे लक्ष वेधावे म्हणून एरवी व्यासपीठावर कधी न गेलेल्या माणसांनी अर्ज भरले होते. त्या पद्धतीचे सगळेच परिणाम चांगले होते असे नाही. मतपत्रिका हाताळणे कठीण झाले, आणि त्याच वर्षी कायदा बदलून लोकसभेची अनामत ५०० वरून १०,००० रुपये करण्यात आली. गरिबाला उभे राहणे त्यामुळे महाग झाले, हेही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. पण आपला धंदा सांभाळून माणसे सनदशीर मार्गाने बोलली, हे विसरता येत नाही.

बोलण्याची किंमत सर्वांना सारखी पडत नाही. १९७५ साली कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष असताना दुर्गाबाई भागवत अध्यक्षपदावरून आणीबाणीविरुद्ध बोलल्या आणि पुढे तुरुंगात गेल्या. १९७७ साली पु. ल. देशपांडे प्रचारसभांतून बोलले, आणि सत्ता बदलल्यावर पुन्हा आपल्या कामाला लागले. ही मोठी माणसे. त्यांच्यामागे लोकांचे प्रेम उभे होते. केशकर्तनालयवाल्याच्या मागे भाड्याची पावती होती. त्यामुळे जो गप्प राहतो तो भित्रा, असा निवाडा मी करणार नाही. घरात आजारी माणूस आणि हातात तात्पुरती नोकरी असलेल्याने काय करावे, हे पेन्शन घेणाऱ्या माझ्यासारख्याने सांगू नये. उलट, ज्याचे गमावण्यासारखे कमी आहे त्याने आधी बोलावे, एवढे मात्र म्हणता येईल. आपल्यापैकी निवृत्तांनी, स्थिरस्थावर झालेल्यांनी, नावाला वजन असलेल्यांनी "आपण बरे" म्हणणे म्हणजे ते ओझे अधिक दुबळ्या खांद्यावर ढकलणे होय.

तर मग मर्यादा कोणती? माझ्यापुरती मी ती अशी ठरवली आहे. ज्याच्यावर माझ्या व्यवसायामुळे माझी सत्ता चालते, त्याला मत कोणाला द्यावे हे सांगायचे नाही. पण त्याचे मत हिरावले जात असेल, त्याचे नाव गळाले असेल, त्याला मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी मिळत नसेल, तर बोलायचे, आणि तेही आपल्या व्यवसायाच्या जागेवरूनच. ही सुट्टी रोजंदारीवरच्या माणसालाही कायद्याने आहे, हे सांगणारा वकील, मुकादम किंवा कारकून आपल्या कामात कसूर करत नाही.

काम चोख करणे हा गुण आहेच. फक्त त्या कामांच्या यादीत नागरिक असणे हेही एक काम आहे. त्याला पगार नाही आणि त्यातून निवृत्तीही नाही. येत्या वर्षात मतदार याद्या पुन्हा प्रसिद्ध होतील. वाचकांनी आपले नाव तर बघावेच. पण घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईंचे आणि दुकानातल्या गड्याचेही बघावे.