पुढे पाठवलेल्या शब्दाला जामीन कोण?



मागच्या गुरुवारी बैठक संपल्यावर प्रसादाच्या द्रोण वाटता वाटता एका ताईंनी विचारलं, "अहो, मेसेज नुसता फॉरवर्ड केला तर त्याचं पाप आपल्याला लागतं का?" आम्ही सगळ्याजणी हसलो. पण घरी जाताना ते हसू राहिलं नाही. कारण आमच्या सेवागटातल्या चार-पाच जणींना 2024 सालचा ऑगस्ट महिना आठवला. तेव्हा आमच्याकडून जे झालं ते आम्ही कुठे लिहिलं नव्हतं. आज लिहितो.

त्या वर्षी 29 जुलैला इंग्लंडमधल्या साउथपोर्ट नावाच्या समुद्रकाठच्या गावात फार भयंकर घटना घडली. सुट्टीत लहान मुलींचा नाचाचा वर्ग चालू होता. एका सतरा वर्षांच्या मुलाने आत शिरून चाकूने वार केले. सहा, सात आणि नऊ वर्षांच्या तीन मुली गेल्या. ज्यांच्या घरी नाती आहेत त्यांना याहून जास्त सांगायला नको.

त्याच दिवशी मोबाईलवर एक बातमी धावू लागली: मारणारा निर्वासित आहे, गेल्या वर्षी होडीतून बेकायदा आला, अमुक नावाचा मुसलमान आहे. ते नाव बनावट होतं. मुलगा होडीतून आलेला नव्हता, ब्रिटनमधल्याच कार्डिफ शहरात जन्मलेला होता. आईवडील रवांडाहून आलेले. पोलिसांनी कार्डिफचं लगेच सांगितलं, नाव खोटं आहे हेही दुसऱ्या दिवशी सांगितलं. पण तोवर खोटं गावभर होऊन परत आलं होतं. 30 जुलैच्या संध्याकाळी एकीकडे लोक मुलींसाठी फुलं वाहत होते, आणि तिथून जवळच जमाव मशिदीवर दगडफेक करत होता. लोकांच्या अंगणाच्या भिंती पाडून त्यांच्याच विटा फेकल्या. पन्नासहून जास्त पोलीस जखमी झाले.

मग ते लोण गावोगाव पसरलं. 4 ऑगस्टला रॉदरहॅमजवळ एका हॉटेलच्या दाराशी जमावाने आग लावली. आत आश्रय मागणारी दोनशेच्या वर माणसं होती. मिडल्सब्रोमध्ये रस्त्यावर गाड्या अडवून, आत बसलेला गोरा आहे का, इंग्रज आहे का, असं विचारत होते.

आता आमचं ऐका. त्या आठवड्यात आमच्या एका कुटुंबाच्या ग्रुपवर मेसेज आला: तेच बनावट नाव, तीच होडी, खाली तीन मुलींसाठी हात जोडलेले आणि शेवटी 'वेळीच जागे व्हा'. आमच्या डोळ्यांत पाणी आलं. आम्ही तो तीन ग्रुपवर पाठवला. त्यातला एक सत्संगाचा होता. वाटलं, मुलींसाठी प्रार्थनाच तर करतोय.

दोन दिवसांनी आमच्यापैकी एकीच्या भाचीचा मँचेस्टरहून फोन आला. ती तिथे एका दवाखान्यात काम करते. गडबड होईल म्हणून तिला त्या दिवशी उजेड असतानाच घरी जायला सांगितलं होतं. आपल्या हायकमिशननेही तिकडच्या भारतीयांना जपून राहायची सूचना काढली होती. ती म्हणाली, "मावशी, तू जो मेसेज पाठवलास ना, तो इथे केव्हाच खोटा ठरलाय. आणि ज्यांनी तो खरा मानला ते आज आमच्या रस्त्यावर आहेत. दगड मारणारा मला विचारणार नाही, तू बडोद्याची का होडीतून आलेली. माझा रंगच बघणार ना?"

मावशी काही बोलू शकली नाही. तिने पाठवलेला मेसेज काही मँचेस्टरच्या दंगेखोरांनी वाचला नव्हता. मराठीतला मेसेज ते कशाला वाचतील? पण ज्या खोट्यामुळे आपली मुलगी खिडक्या लावून बसली, तेच खोटं आपण इथे दिवाणखान्यात बसून, डोळे पुसत, पुढे ढकललं होतं. यातून सुटका कशी करून घ्यायची?

पहिली सुटका सोपी वाटते: "आम्ही लिहिलं थोडंच? आम्ही फक्त पुढे पाठवलं." पण घरात कुणी कर्जाला जामीन राहिलं असेल तर त्यांना विचारा. कर्ज दुसऱ्याने घेतलेलं असतं, पैसे दुसऱ्याने खर्च केलेले असतात. जामीनदाराने फक्त सही केलेली असते. आणि हप्ते थकले की बँक त्याच सहीकडे बोट दाखवते. कारण ती सही नसती तर कर्जच मिळालं नसतं. कर्ज दिलं गेलं ते जामीनदाराची पत बघून.

फॉरवर्डचं तसंच आहे. अनोळखी माणसाने लिहिलेल्या चार ओळींना स्वतःची काही पत नसते. आमच्या ग्रुपवरच्या सत्तर वर्षांच्या काकूंनी तो मेसेज खरा मानला, तो कुणी लिहिला हे पाहून नव्हे. तो आम्ही पाठवला म्हणून. 'या बायका गुरुवारी बैठकीला येतात, खोटं बोलणार नाहीत.' खोट्याला आम्ही आमची पत उसनी दिली.

महाभारतात द्रोणाचार्यांना बातमी कळली की अश्वत्थामा गेला. त्यांनी भीमावर विश्वास ठेवला नाही. त्यांनी युधिष्ठिराला विचारलं, कारण तो खोटं बोलत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. युधिष्ठिराने खोटं रचलं नव्हतं. ते दुसऱ्यांनी रचलं, त्याने फक्त पुढे पोचवलं, आणि खरा भाग हळू आवाजात म्हटला. तेवढ्याने जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला. ज्याची पत मोठी, त्याच्या तोंडून गेलेलं खोटं जास्त खोल जातं. गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीचंही तप सांगितलंय ते उगीच नाही.

दुसरी सुटका अशी: "आमचा हेतू चांगला होता." होता, आम्ही खरंच रडलो होतो. पण त्याच 29 जुलैच्या रात्री इंग्लंडमधल्या एका बाईनेही असंच केलं. लोकांची मुलं सांभाळणारी, चाळिशीची. तिचं स्वतःचं लहान मूल काही वर्षांपूर्वी गेलेलं. तिने त्या भरात लिहिलं की निर्वासितांची हॉटेलं पेटवली तरी तिला पर्वा नाही. साडेतीन तासांनी तिने ते काढून टाकलं. तोवर ते तीन लाखांहून जास्त वेळा पाहिलं गेलं होतं. तिने गुन्हा कबूल केला आणि तिला 31 महिन्यांची शिक्षा झाली. शिक्षा फार कडक झाली असं तिकडे पुष्कळांना वाटतं, आणि त्यावर वाद आहे. तो वाद आपण त्यांच्याकडे ठेवू. आम्हाला एवढंच दिसतं की तिचं दुःख खरं होतं, पण ते खरं असल्यामुळे तिचे शब्द निरुपद्रवी झाले नाहीत. राग आणि रडू एकत्र येतं तेव्हाच बोट सगळ्यात लवकर चालतं.

तिसरी सुटका आम्हाला सगळ्यात जड गेली. आम्ही त्या तीन ग्रुपवर 'तो मेसेज खोटा होता, माफ करा' असं लिहिलं, तेव्हा नात्यातल्या एका वडीलधाऱ्या काकांनी उत्तर दिलं, "बातमी खोटी असेल, पण मुद्दा खरा आहे. बाहेरून कोण येतं, किती येतं, हे विचारायचंच नाही का?"

काकांचा प्रश्न चूक नाही. आपल्या देशात कोण येतं, कायद्याने येतं का, त्याचा भार कुणावर पडतो, हे विचारायचा प्रत्येक नागरिकाला हक्क आहे. पण मुद्दा खरा असेल तर त्याला खोट्या बातमीचा टेकू कशाला लागतो? आणि टेकू दिला की काय होतं तेही तिथेच दिसलं. पुढे उघड झालं की तो मुलगा हिंसेच्या वाटेला लागतोय म्हणून सरकारच्या प्रतिबंधक योजनेकडे त्याचं नाव आधी तीनदा गेलं होतं. तीनदा! विचारायचा प्रश्न हा होता: तीनदा इशारा मिळूनही यंत्रणा कुठे कमी पडली? पण जमाव होडीच्या मागे धावत होता. खोट्याने निरपराध्यांना मार बसला, आणि त्या तीन मुलींसाठीचा खरा प्रश्नही मागे पडला.

निवडणुकीचं पण असंच बघा. आपल्यातल्या कितीतरी घरची मुलं अमेरिकेत आहेत, म्हणून तिथल्या मतदानाचे मेसेजही आपल्याकडे पोचतात. 2020 च्या निवडणुकीनंतर जॉर्जिया राज्यात अटलांटाच्या मतमोजणी केंद्रातला एक व्हिडिओ फिरला. मोजणीचं काम करणाऱ्या दोन कृष्णवर्णीय बायका, मायलेकी. म्हणे टेबलाखालून बनावट मतांच्या सुटकेस काढल्या, आणि एकीने दुसरीला गुपचूप पेनड्राइव्ह दिला. त्या सुटकेस म्हणजे मतपत्रिकांचे नेहमीचे सरकारी डबे होते. आणि तो पेनड्राइव्ह म्हणजे आल्याची गोळी! आईने लेकीला दिलेली.

तिथेही मूळ प्रश्न योग्यच होता: मोजणी नीट झाली का? तो प्रश्न यंत्रणेला विचारला गेला आणि यंत्रणेने उत्तर दिलं. जॉर्जियात जवळजवळ 50 लाख मतं पुन्हा हाताने मोजली. एकूण तीनदा मोजणी झाली आणि निकाल तोच राहिला, 11,779 मतांचा फरक. पण त्या मायलेकींवरचा आरोप कुठल्या मोजणीने थांबला नाही. त्यांना वर्णावरून शिव्या आणि जिवे मारायच्या धमक्या आल्या. आईला काही आठवडे घर सोडून राहावं लागलं. ज्या नावाचा तिला अभिमान होता ते नाव दुकानात सांगायचीही तिला भीती वाटू लागली. राज्याच्या चौकशीत त्या निर्दोष ठरल्या ते 2023 मध्ये. त्याच वर्षी ज्यांनी आरोप पसरवला त्यांच्यापैकी एका बड्या वकिलाविरुद्ध ज्युरीने 14 कोटी 80 लाख डॉलरची भरपाई ठरवली. पण ज्या लाखो लोकांनी तो व्हिडिओ पुढे पाठवला, त्यांना कुणी कोर्टात बोलावलं नाही. त्यांचा हिशेब त्यांच्या मनाशीच.

यातून आम्हाला एक फरक कळला. यंत्रणेला प्रश्न विचारणं हे नागरिकाचं काम आहे. पण पुराव्याशिवाय एखाद्या माणसाकडे किंवा एखाद्या समाजाकडे बोट दाखवणं, हा प्रश्न नव्हे, आरोप आहे. आणि आरोपाला जामीन लागतो.

हे सगळं परदेशातलं, असं म्हणून आपण सुटत नाही. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी, मंगळवेढ्याकडून आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने मारून टाकलं. मुलं पळवणारी टोळी आल्याचे मेसेज फिरत होते, आणि हे पाच जण बाहेरचे होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पाठवायची मर्यादा आणली. पाठवणाऱ्यांतले बरेच जण आपल्यासारखेच असतील, मुलांच्या काळजीने पाठवणारे.

आणि 'बाहेरचे' म्हणजे तरी कोण? आम्ही बडोद्याचे मराठी, गायकवाडांबरोबर अठराव्या शतकापासून येत गेलो. घरात मराठी, बाजारात गुजराती, आणि दोन्ही आपलीच. पण कधीतरी आमच्या पूर्वजांकडेही इथे कुणी 'हे कोण आले' म्हणून बघितलंच असेल. आज आमची भाची मँचेस्टरला तेच सोसते आहे.

आता त्या ताईंच्या प्रश्नाला उत्तर. पाप किती लागतं ते आम्ही सांगू शकत नाही, तो अधिकार आमचा नाही. पण जबाबदारी लागते, एवढं आम्ही अनुभवाने सांगतो. म्हणून आम्ही आता पाठवायच्या आधी एकच विचारतो: खाली आमचं नाव लिहून, याला आम्ही जामीन राहू का? माहिती नसेल तर सही नाही. फार राग आला असेल तर उद्या सकाळपर्यंत सही नाही. आणि चुकलंच, तर जिथे जिथे पाठवलं त्या प्रत्येक ठिकाणी चूक कबूल करायची. आमचा माफीचा मेसेज मूळ मेसेजपेक्षा खूप कमी लोकांनी पाहिला. एकाने ग्रुपही सोडला. तरी बरं केलं असंच आम्हाला वाटतं, कारण भाचीने तो वाचला.

एक शेवटचं. साउथपोर्टला दंगलीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गावातलेच लोक झाडू आणि थाप्या घेऊन आले. गवंडीही आले. मशिदीची पडलेली भिंत त्यांनी पुन्हा बांधून दिली. त्यांच्यातल्या बहुतेकांनी दगड मारले नव्हते. तरी ते आले, कारण विटा त्यांच्या गावातल्या होत्या.

पुढच्या गुरुवारी बैठकीनंतर यावर बोलू या. ज्यांना काकांसारखं वाटतं त्यांनी जरूर यावं.

आपल्या सेवेतील,
भगिनी सेवागट, बडोदा 🙏