दाढीचं मशीन

आमच्या घरात दाढीचं मशीन आलं ते बहात्तरच्या दुष्काळानंतर दोन वर्षांनी. मुंबईला गोदीत कामाला असलेल्या चुलत्यांनी दिवाळीला येताना ते आप्पांसाठी आणलं. जाड दांडी, ती पिळली की वरचं टोपण सुटायचं. मध्ये दोन्ही अंगांना धार असलेलं पातळ पान बसवायचं आणि पुन्हा पिळायचं. आम्ही पोरं ते बघायला ओट्यावर गोळा झालो होतो.

तोवर आप्पांची दाढी म्हणजे नाना. गावचे न्हावी. आठ दिवसांनी धोकटी काखेला मारून यायचे, आप्पांच्या समोर उकिडवे बसायचे, चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा चार वेळा फिरवायचे. पैसा द्यायची रीत नव्हती. सुगीला खळ्यावर यायचं आणि बलुतं न्यायचं. दुष्काळात खळंच झालं नाही, तेव्हा नाना सरकारी कामावर खडी फोडत होते. पण आठव्या दिवशी, हाताला फोड आलेले असताना, धोकटी घेऊन दारात हजर. ते दोन्ही वर्षांचं बलुतं आमच्याकडून राहूनच गेलं.

पहिल्याच सकाळी आप्पांनी त्या मशीननं गाल सोलून घेतला. बैलाचं जू धरणारा हात. जोर लावला नाही तर काम होतं, हे त्या हाताला ठाऊकच नव्हतं. हनुवटीवर तुरटी फासून बसले होते तोवर नाना आले. त्यांनी आप्पांच्या तोंडाकडे बघितलं, मग खिडकीतल्या मशीनकडे. मला वाटलं, आता उठून जातील. त्यांनी मशीन हातात घेतलं, उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाले, "आप्पा, दाबू नगा. ह्याला सोताचं वजन हाय. धार हाय तिथं जोर कशापायी?"

मग त्यांनी आप्पांना शिकवायला घेतलं. आधी गरम पाण्यानं दाढी भिजू द्यायची, घाई करायची नाही. ब्रशनं फेस असा चोळायचा की केस उभे राहिले पाहिजेत. मशीनचं डोकं गालाला टेकवायचं, मग दांडी हळूहळू खाली आणायची. केस कापल्याचा बारीक आवाज आला की तिथंच थांबायचं, तोच कोन. एका हातानं कातडी ताणायची. छोटे छोटे हात मारायचे, केस ज्या अंगाला वळलेत त्याच अंगानं. गळ्यावर केसांची वळणं निराळी असतात, ती आधी बोटानं चाचपायची. आणखी साफ हवी तर पुन्हा फेस लावून आडवा हात, पण उलटा नाही. शेवटी गार पाणी, तुरटी. "आन् पान वडाय लागलं की टाकून द्या. पानाचा लोभ केला की कातडं जातं."

त्या दिवशी आप्पांची दाढी गुळगुळीत झाली. ती नानांची आमच्या ओट्यावरची शेवटची खेप.

जाताना मी त्यांना वेशीपर्यंत सोडायला गेलो आणि पोरबुद्धीनं विचारलं, "नाना, आता तुमचं बलुतं?" ते हसले. "ते जाऊ दे. गावात तुझा बाप कापल्या तोंडानं हिंडला तर लोक माझंच नाव काढतील."

त्या सुगीला आप्पांनी अर्धं बलुतं दिलं, पुढच्या सुगीला काहीच नाही. आई म्हणाली, "दोन वर्सांचं राहिलंय की त्यांचं." आप्पा म्हणाले, "काम न्हाई तर दाम कसला?" बाजाराच्या हिशेबानं आप्पांचं खरं होतं. पण ज्यानं खडी फोडून, दाणा न घेता आपली दाढी केली, त्याची गरज सरली म्हणून देणंही सरतं का? हा प्रश्न माझ्या मनात पुष्कळ वर्षं राहिला. बलुतं होतं तेव्हा माणसाला माणूस लागत होता, मशीननं ते तोडलं, असं मी चारचौघांत बोलायचोही.

एकदा असंच बोललो, तेव्हा शाळेतला जुना सोबती समोर होता. त्याचं घर महारवाड्यात. तो शांतपणे म्हणाला, "आमच्या घरात मशीन तुमच्या आधी धा वर्सं होतं. बा पलटणीत होता, त्यानं आणलं. नानांची धोकटी आमच्या आळीत कधी उघडलीच न्हाई. तुमच्या आप्पांची सोय झाली, माझ्या बाची सुटका झाली."

मी गप्प झालो. अशी सेवा नाकारणं १९५५ च्या कायद्यानं गुन्हा ठरवलेलं होतं. आमच्या गावात तो कायदा पोचला नव्हता, मशीन पोचलं होतं. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं न्हाव्यांनी सभा भरवून ठरवलं होतं की विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही. तोही नकार आणि हाही नकार, हत्यार एकच. एक नकार अन्यायाला होता. दुसरा गावाच्या धाकानं होता, आणि तो धाक आमच्यासारख्यांच्या ओट्यावरूनच जात होता. नाना त्या आळीत गेले असते, तर आप्पांनी दुसऱ्या दिवशी त्यांच्यापुढं गाल केला असता का? नसता केला. ज्या नात्यासाठी मी हळहळत होतो, त्यातली माया खरी होती. पण ती कुणाला तरी बाहेर ठेवून उभी होती. तेव्हा बलुतं गेलं याचं दुःख आता मी करत नाही. देणं राहिलं याचं करतो.

नानांना म्हातारपणी कंपवात झाला. पोरगा शहरात. मी सुट्टीला गेलो तेव्हा भेटलो, तर दाढी छातीला टेकलेली. म्हटलं, "नाना, मी करू?" आप्पांचंच मशीन माझ्या पिशवीत होतं. आधी कात्रीनं छाटली. मग पाणी तापवलं, फेस केला, त्यांच्यापुढं उकिडवा बसलो. मशीन गालाला टेकवताना माझा हात क्षणभर अडला. कापेल म्हणून नव्हे. दारावरून माणसं जात होती, कोण बघतंय का हे मी बघत होतो. एवढं शिकून, एवढं बोलून, ते अजून माझ्या हातात होतं.

नानांनी डोळे मिटलेलेच होते. त्यांना काय कळलं, कोण जाणे. "दाबू नगं," ते म्हणाले. "त्याचं त्याला जाऊ दे."

अर्धा तास लागला. तुरटी फिरवली तेव्हा त्यांनी थरथरत्या हातानं स्वतःचा गाल चाचपला, एक जागा राहिली होती ती बोटानं दाखवली. मी पुन्हा फेस लावला.