आळ आणि रुजवात

निरपराध मनुष्यावर दोष आला असता त्याने तो प्रारब्ध समजून मुकाट्याने सोसावा, की त्याच्या निवारणासाठी झटावे, हा प्रश्न आपल्या धर्मचिंतनात जुनाच आहे. परंतु मनुष्य आणि त्याच्या हक्काचा पैसा यांच्यामध्ये संगणक नावाची दृष्टीआडची व्यवस्था येऊन बसल्यापासून तो अधिकच निकडीचा झाला आहे. शहरातील कंपन्यांत रात्री यंत्रणा बंद पडली की सकाळच्या बैठकीत सर्वांत धाकट्या अभियंत्याकडे बोट वळते, हे सर्वश्रुत आहे. त्याच व्यवसायाचे शेवटचे टोक जव्हार तालुक्यातील साखरशेतसारख्या गावी ग्रामपंचायतीच्या खोलीत बसलेले असते. त्याच्याविषयी मात्र फारसे कोणी लिहीत नाही. 2011 च्या सुमारास ‘संग्राम’ प्रकल्पातून आणि पुढे ‘आपले सरकार सेवा केंद्रां’तून ठिकठिकाणी बसवलेले हे संगणक परिचालक कंत्राटी, तुटपुंज्या मानधनावरचे; गावाच्या दृष्टीने तेच सरकार, आणि सरकारच्या दफ्तरी मात्र ते नोकर नव्हेत.

जन्मभर नागलीची आवणी आणि वीटभट्टीवरचे काम केलेल्या म्हातारीच्या अंगठ्यावर रेषा म्हणून काही उरलेल्याच नसतात. आधारची पडताळणी करणाऱ्या यंत्रावर ती अंगठा ठेवते, यंत्र तो नाकारते. ती तो लुगड्याला पुसते, केसांवरून फिरवते, पुन्हा ठेवते. “आजी, सर्व्हर चालत नाही, उद्या या,” असे परिचालक म्हणतो, आणि दोन डोंगर उतरून आलेली ती बाई सर्वांदेखत म्हणते, “पोरा, तूच माझे पैसे अडवलेस.” रोजगार हमीची मजुरी 1 जानेवारी 2024 पासून आधारशी जोडलेल्या खात्यातच जाते, आधारवरचे नाव आणि बँकेतले नाव यांत एका अक्षराचा फरक पडला तरी ती वाटेत अडकू शकते. हे अक्षर कोणी चुकवले, पावसात मोबाइलचा मनोरा का बंद पडला, दूरच्या शहरातील सर्व्हरवर किती भार आला, यांपैकी एकही गोष्ट त्या पोराच्या हाती नसते. हाती असते ते एवढेच की तो समोर असतो.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, नानाविध चेष्टा आणि दैव. असे असूनही जो स्वतःलाच एकटा कर्ता मानतो त्याची बुद्धी अपरिपक्व, असा निर्णयही तेथेच दिला आहे. हा उपदेश आपण नेहमी अहंकाराच्या निवारणासाठी वापरतो. माझ्या मते तो दुसऱ्याकडे बोट दाखवतानाही तितकाच लागू आहे. यशाच्या वेळी ‘मीच केले’ म्हणणारा आणि अपयशाच्या वेळी ‘त्यानेच केले’ म्हणणारा, दोघांनीही उरलेल्या चार कारणांकडे पाठ फिरवलेली असते.

ही पाठ फिरवण्याची किंमत किती मोठी असते, हे इंग्लंडमध्ये दिसले. तेथील टपाल खात्याने 1999 पासून ‘होरायझन’ नावाची संगणकप्रणाली आणली. तिच्या दोषांमुळे हिशेबात तूट दिसू लागली, आणि यंत्र बरोबरच असणार या गृहीतावर नऊशेहून अधिक उपडाकपालांना चोर ठरवण्यात आले. सीमा मिश्रा या भारतीय वंशाच्या उपडाकपाल बाईंना 2010 साली गरोदर अवस्थेत तुरुंगात जावे लागले. 2019 साली न्यायालयाने प्रणालीतील दोष मान्य केले, आणि त्यांची शिक्षा रद्द होण्यास 2021 साल उजाडावे लागले.

संत जनाबाईवर विठ्ठलाचे पदक चोरल्याचा आळ आला तेव्हा सुळाचे पाणी झाले, अशी कथा आहे. ती कथा ऐकताना डोळे भरून येतात. परंतु ज्यांच्यासाठी सूळ सूळच राहिला त्यांनी काय करावे, याचे उत्तर मला स्यमंतक मण्याच्या आख्यानात सापडते. कृष्णाने पूर्वी सत्राजिताकडे त्याचा मणी मागितला होता एवढ्यावरून, तो मणी घालून गेलेला भाऊ प्रसेन वनात नाहीसा होताच, सत्राजिताने संशय घेतला आणि द्वारकेत कुजबूज पसरली. साक्षात परमेश्वर, पण ‘माझे अंतःकरण शुद्ध आहे’ एवढ्यावर त्याने समाधान मानले नाही आणि चमत्कारही केला नाही. द्वारकेचे नागरिक बरोबर घेऊन तो माग काढीत निघाला. मेलेला प्रसेन, मेलेला सिंह, मग अस्वलाची गुहा, असा कारणांचा एकेक दुवा त्याने साक्षीदारांना दाखवला, आणि शेवटी उग्रसेनाच्या भरसभेत सत्राजिताला बोलावून, सारी हकीकत सांगून मणी त्याच्या हाती दिला. रुजवात ती हीच. आळ प्रारब्ध म्हणून सोसणे हाच धर्म असता, तर या आख्यानाला भागवतात जागाच मिळाली नसती.

येथे एक भेद केला पाहिजे. साखरशेतची म्हातारी दोष देते तो तिच्या भुकेचा आक्रोश आहे. उरलेली चार कारणे तिला दिसतील अशी सोय कोणी ठेवलेली नाही, म्हणून तिचे शब्द परिचालकाने मनाला लावून घेऊ नयेत, आणि बहुधा तो घेतही नाही. ज्याच्या कचेरीत सारी माहिती उपलब्ध आहे, कोणत्या टप्प्यावर काय अडले हे ज्याला विचारता येते, तो वरिष्ठ जेव्हा शहानिशा न करता परिचालकालाच कारणे दाखवा नोटीस धाडतो, तेव्हा तो अधर्म होय. अज्ञानाने लावलेला आळ क्षम्य आहे; जाणण्याची साधने हाताशी असताना न जाणणे, हे पाप आहे, असे मी निःशंकपणे म्हणतो.

म्हणून पडताळणी फसली त्या दिवसाची तारीख, वेळ आणि पडद्यावर उमटलेला संदेश लिहून, त्यावर ग्रामपंचायतीचा शिक्का मारून तो कागद म्हातारीच्या हाती द्यावा, एक प्रत परिचालकाने ठेवावी, आणि जव्हारच्या तहसील कचेरीने तो आवक नोंदवहीत घेऊन अडथळा कोठे होता याचे लेखी उत्तर द्यावे. मानधनवाढीच्या मागणीइतकीच ही मागणीही परिचालकांनी लावून धरावी. म्हातारीही मग त्यांच्या बाजूने उभी राहील.